रिकाम्या पाइपाचा भुर्दंड कोणाच्या गळ्यात? पाइपलाइनची परवानगी आणि वाहतूक दर

तुमचा प्रश्न असा: शिक्रापूरजवळ तुमच्या शेतातून एलपीजीची लाइन गेली आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्क'मध्ये तिची नोंद चढली. धाकटा भाऊ कॅलगरीत असतो. तो सांगतो की तिकडे तेलाच्या पाइपलाइनचा टोल ठरवायला नियामकापुढे वर्षानुवर्षं सुनावण्या चालतात, तेल पाठवणारे आणि पाइपवाले दोघंही वकील लावून भांडतात. मग आपल्याकडे हे कोण ठरवतं, कशाच्या आधारावर ठरवतं, 'ही लाइन मुळात नकोच' असं सांगायची जागा कुठे आहे, आणि त्या दरात जमीनवाल्याचा काही वाटा असतो का?

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. पाइपलाइनच्या दरप्रस्तावांचे तक्ते भरण्यात नोकरी गेली, आता पुण्यात बसून तेच काम सल्लागार म्हणून करतो. त्यामुळे माझा कल आकड्यांकडे आहे हे आधीच सांगतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, ते का हे पुढे येईल. बाकीच्या प्रश्नांचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर असं, की प्रकल्पाची परवानगी आणि त्याचा दर या दोन वेगळ्या फायली दिसतात, पण दोन्हींत एकच गोष्ट ठरत असते: पाइप अपेक्षेइतका भरला नाही, तर नुकसान कोणी सोसायचं.

आधी आपल्याकडच्या खिडक्या बघू, कारण त्या एक नाहीत. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ हे २००६च्या कायद्यानं आलं. आमच्या धंद्यात त्याला नुसतं 'बोर्ड' म्हणतात. अध्यक्ष, एक विधी सदस्य आणि आणखी तीन सदस्य. कायदा २००६चा असला तरी लाइन टाकायला बोर्डाची अधिकृत मान्यता लागेल असं सांगणारं कलम १६ प्रत्यक्षात लागू झालं १५ जुलै २०१० रोजी. त्याआधी टाकलेल्या किंवा केंद्र सरकारनं मंजूर केलेल्या लाइन्स बोर्डाकडे फक्त तपशील देऊन पुढे चालू राहिल्या. लोणी काळभोरच्या टर्मिनलला माल आणणारी हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर ही ५०८ किलोमीटरची लाइन अशीच जुन्या जमान्यातली आहे.

बोर्ड मान्यता देतं, दर ठरवतं, आणि दुसऱ्या कंपनीला त्या पाइपात जागा मिळते की नाही यावर देखरेख ठेवतं. जमीन बोर्ड देत नाही. तिच्या वापराचा हक्क केंद्र सरकार १९६२च्या एका स्वतंत्र कायद्याखाली घेतं. जंगलातून जायचं तर वनविभाग, किनाऱ्यालगत सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम, स्फोटकं-पेट्रोलियमच्या सुरक्षेला 'पेसो', ज्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. पर्यावरण परवानगीचं मात्र पुष्कळांना आश्चर्य वाटतं. २००६च्या अधिसूचनेत तेल आणि वायूच्या पाइपलाइनी येतात त्या राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून जात असतील तर. साध्या शेतातून जाणाऱ्या लाइनला ती परवानगी लागत नाही, म्हणून तिच्यासोबतची जनसुनावणीही नाही. म्हणजे तुमच्या भावानं पाहिलेली, सगळ्यांना एका मांडवाखाली बसवून 'हा प्रकल्प देशाच्या हिताचा आहे का' असं विचारणारी सुनावणी आपल्याकडे कुठल्याच एका खिडकीवर होत नाही. प्रत्येक खिडकी आपल्यापुरतं बघते आणि शिक्का मारते.

गरज कोण तपासतं मग? खरं सांगायचं तर बहुतांशी बोलीची प्रक्रियाच तपासते. एखादी कंपनी लाइनचा प्रस्ताव आणते किंवा बोर्ड स्वतः मार्ग सुचवतं, त्यावर जाहीर सूचना-हरकती मागवल्या जातात, मग निविदा निघते. पाइपच्या संपूर्ण आयुष्याचा दर आजच्या किमतीत आणून जो सर्वांत कमी पडेल, त्याला लाइन मिळते. यामागचा विचार असा की गरज नसेल तर कोणी स्वतःचे पैसे घालून कमी दर लावणारच नाही. कागदावर हे सुरेख दिसतं. प्रत्यक्षात काय होतं याची गंमत शहर गॅस वितरणाच्या जुन्या फेऱ्यांमध्ये दिसली होती. तिथे काही कंपन्यांनी जाळ्याचा दर चक्क एक पैसा भरला. एक पैशात कोणी वायू वाहून नेत नाही. कमाई त्यांना दुसरीकडून, ग्राहकाला विकायच्या किमतीतून काढायची होती. पुढे बोर्डानं निकष बदलले. बोलीचा निकष एकाच आकड्यावर टेकला की तो आकडा खोटा व्हायला वेळ लागत नाही, असं माझं मत तेव्हापासून आहे.

एक मोठा अपवाद इथेच सांगतो, कारण भावाशी बोलताना घोळ नेमका इथे होतो. आपल्या कायद्यात 'कॉमन कॅरियर'ची जी व्याख्या आहे, म्हणजे सर्वांना भेदभावाशिवाय खुली असलेली लाइन, तिच्यातून कच्च्या तेलाची पाइपलाइन वगळलेली आहे. सलायाहून मथुरेला किंवा वाडिनारहून बीनाला कच्चं तेल जातं ते रिफायनरीवाल्याच्या स्वतःच्या नळीतून, आणि त्याचा खर्च रिफायनरीच्या हिशोबात मुरतो. त्याला टोल नाही, सुनावणीही नाही. कॅनडात उलट. तिकडे अल्बर्टात तेल काढणारे अनेक, गिऱ्हाईक हजारो किलोमीटर लांब, आणि मध्ये दोन-तीनच मोठ्या नळ्या. साहजिकच तिकडची सगळी भांडणं कच्च्या तेलाच्या टोलवर. आपल्याकडे दराचा प्रश्न येतो तो पेट्रोल, डिझेल, एलपीजी यांच्या लाइनींवर आणि नैसर्गिक वायूवर.

पेट्रोल-डिझेलच्या लाइनीत दुसऱ्याचा माल कसा जातो हेही लोकांना कळत नाही. नळी एकच असते. तिच्यात डिझेलमागे पेट्रोल, त्यामागे पुन्हा डिझेल, अशा बॅचेस एकामागून एक ढकलल्या जातात. दोन बॅचेसच्या सीमेवर थोडा भाग मिसळतो, त्याला इंटरफेस म्हणतात. घनता बघून तो वेगळा काढून टाकीत घेतात आणि हळूहळू चांगल्या मालात मुरवतात किंवा परत रिफायनरीत पाठवतात. बीआयएसच्या मानकाचं पेट्रोल सगळ्यांचं सारखंच, त्यामुळे तुम्ही मुंबईत जेवढे लिटर दिले तेवढे लोणीत उचलायचे; तेच थेंब मिळणार नाहीत, मिळायची गरजही नाही. पण टाकी कोणाची, इंटरफेसचं नुकसान कोणाच्या नावावर, नळीत कायम भरून राहणाऱ्या मालात पैसे कोणाचे अडकले, हे सगळे दराचेच भाग आहेत. कायद्याच्या कलम २२मध्ये पंप, मीटर आणि साठवणुकीचा वेगळा उल्लेख आहे तो म्हणूनच. दर कमी दिसला आणि टर्मिनलचं भाडं चढं ठेवलं, तर खुली लाइन फक्त नावाची खुली राहते.

आता दर. कलम २२(२)मध्ये बोर्डानं दर ठरवताना काय बघायचं याची यादी आहे: स्पर्धा आणि कार्यक्षमता, ग्राहकाचं हित आणि त्याचबरोबर खर्चाची वाजवी वसुली, सरकारचं धोरण, आणि एखाद्या संदर्भ-दराशी तुलना. हा संदर्भ-दर खर्चावरून काढता येतो किंवा वाहतुकीच्या पर्यायी साधनावरून. त्या 'किंवा'वर सगळा खेळ आहे. वायूच्या लाइनींना बोर्डानं खर्चाची वाट दिली. पेट्रोल-डिझेलच्या लाइनींना २०१०च्या नियमांत रेल्वेची: त्या मार्गाइतक्या रेल्वे अंतराला पूर्ण गाडीचं जे भाडं पडेल, त्याच्या ७५ टक्के.

हा ७५ टक्क्यांचा नियम मला कधीच पूर्ण पटला नाही, पण तो मूर्खपणाचा आहे असंही म्हणणार नाही. फायदा उघड आहे. कोणाच्या वह्या तपासायच्या नाहीत, पंपाला वीज किती लागली यावर वाद नाही, तीन कंपन्यांना एकच पट्टी. जुनी, घसारा कधीच वसूल झालेली लाइन आणि कालची नवी लाइन दोन्ही एकाच सूत्रात बसतात. माल पाठवणाऱ्याला रेल्वेपेक्षा चौथाई स्वस्त पडतं, म्हणून रस्त्यावरचे टँकर आणि घाटातल्या वाघिणी कमी होतात. ज्यांनी बोरघाटातून मालगाडी चढताना पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ३७ फुटांना एक फूट चढ, मागून ढकलायला बँकर इंजिनं, आणि वाघिणींत पेट्रोल.

तोटाही तितकाच उघड. रेल्वेनं आपल्या कारणानं भाडं वाढवलं की पाइपलाइनचं उत्पन्न वाढतं, पाइपचा खर्च एक रुपयानं न वाढता. रेल्वेनं सवलत दिली की घटतं. रेल्वेचा रूळ वळसा घालून जातो आणि नळी सरळ जाते, मग अंतर कोणतं धरायचं? सूत्र रेल्वे अंतराचं. त्यामुळे सरळ मार्ग शोधणाऱ्या अभियंत्याची शाबासकी मालकाच्या खिशात जाते, माल पाठवणाऱ्याच्या नाही. आणि मूळ मुद्द्याकडे येऊ: लाइन अर्धी रिकामी राहिली तर? रेल्वेच्या पट्टीत दर तेवढाच राहतो. रिकामेपणाचं नुकसान पूर्णपणे मालकाचं. मला या नियमाची ही एक बाजू मात्र आवडते, कारण ती लाइन टाकण्याआधीच मालकाला विचार करायला लावते.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा टोल हा तुमच्या-माझ्या परिचयाचा प्रकार. अधिसूचनेत लिहून ठेवलेलं होतं, दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ. १ एप्रिल २०२३ला कारचे २७० रुपयांचे ३२० झाले ते त्याच हिशोबानं. त्या वर्षी गाड्या वाढल्या की घटल्या, रस्त्याचे पैसे वसूल झाले की नाही, याचा त्या १८ टक्क्यांशी संबंध नाही. पाइपलाइनचा खर्चावर आधारलेला दर याच्या अगदी विरुद्ध टोकाला असतो. तिथे दर काही वर्षांनी वह्या उघडतात आणि आकडा नव्यानं मांडतात.

त्या वह्यांतलं गणित एकदा बघून ठेवा, ते कळलं की कुठल्याही देशातली सुनावणी कळते. उदाहरण काल्पनिक आहे. समजा एका लाइनला घसारा, चालवण्याचा खर्च, कर आणि गुंतवणुकीवरचा परतावा धरून वर्षाला १८० कोटी लागतात. क्षमता ४० लाख टन. भरून चालली तर टनाला ४५० रुपये. निम्मी चालली तर तेच १८० कोटी २० लाख टनांत वाटायचे, म्हणजे ९०० रुपये. खर्च तोच, नळी तीच, दर दुप्पट. आणि गंमत अशी की दर दुप्पट झाला म्हणून उरलेले गिऱ्हाईकही टँकरकडे वळतात, मग भाजक, म्हणजे खर्च ज्यांत वाटायचा ते टन, आणखी लहान होतो. यावर नियामकाचं औषध असं, की तो सांगतो, 'प्रत्यक्ष काहीही असो, मी ३० लाख टन धरणार.' दर झाला ६००. प्रत्यक्षात २० लाख टनच गेले तर मालकाला १२० कोटी मिळतात आणि ६० कोटींचा खड्डा त्याचा. ३५ लाख टन गेले तर वरची कमाई त्याची.

तक्त्यातली बाकीची वीस पानं परतावा किती, घसारा किती वर्षांत, पगार कुठल्या खात्यात यांची असतात. त्यांवरही भांडण होतं. पण अनुभव सांगतो की निकाल फिरतो तो भाजकावर. परताव्याचा टक्का एकानं हलवला तर दर थोडा हलतो. भाजक हलवला की सगळं हलतं. म्हणून कोणताही दरप्रस्ताव हातात आला की मी आधी शेवटून वाचतो: माल किती धरलाय आणि तो कोणाच्या शब्दावर.

वायूच्या लाइनींना बोर्डानं हाच मार्ग घेतला. गुंतवणुकीवर करानंतर १२ टक्के परतावा, आयुष्यभराचा जमाखर्च आजच्या किमतीत आणून काढलेला सरासरी दर, आणि सुरुवातीच्या वर्षांत लाइन हळूहळू भरेल असं धरून, ती किमान किती भरलेली मानायची याचा एक आकडा. आपल्या राज्यातून जाणारं मोठं उदाहरण म्हणजे काकीनाड्याहून भरूचपर्यंतची पूर्व-पश्चिम पाइपलाइन. २००९ला सुरू झाली ती कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ वायूच्या भरवशावर. तो वायू वर्ष-दोन वर्षांतच ओसरू लागला. बोर्डानं २०१०मध्ये तात्पुरता दर दिला होता ५२.२३ रुपये प्रति एमएमबीटीयू (वायू मोजायचं उष्णतेचं एकक). अंतिम दर ठरायला २०१९ उजाडलं आणि तो आला ७१.६६ रुपये. मधल्या नऊ वर्षांत ज्या कारखान्यांनी वायू घेतला, त्यांना आपल्या मालाची खरी किंमत काय हे पक्कं माहीतच नव्हतं. 'तात्पुरता दर' या शब्दांवर माझा राग आहे तो यासाठी. उद्योगाला चढा दर एक वेळ परवडतो, लटकलेला परवडत नाही.

एप्रिल २०२३पासून वायूला एकत्रित दर आला. राष्ट्रीय जाळ्यातल्या लाइनींचे खर्च एका मोटेत बांधून अंतराप्रमाणे तेव्हा तीन टप्पे केले, त्या वेळची सरासरी ७३.९३ रुपये. लांबच्या राज्यांना स्वस्त झालं, टर्मिनलजवळच्यांना थोडं महाग. रिकाम्या लाइनीचं ओझं यात सगळ्या देशात वाटलं जातं, हे कोणी मोठ्यानं म्हणत नाही.

आता कॅलगरी. तिथला नियामक १९५९पासून राष्ट्रीय ऊर्जा मंडळ होता, ऑगस्ट २०१९मध्ये त्याचं कॅनडा एनर्जी रेग्युलेटर झालं. मोठ्या लाइनीबाबत तो स्वतः शेवटचा शब्द देत नाही. सुनावणी घेतो, अटी घालतो, शिफारस करतो, आणि निर्णय मंत्रिमंडळ घेतं. टोल मात्र त्याच्या हातात, आणि कसोटी दोन: टोल न्याय्य आणि वाजवी हवा, आणि गिऱ्हाइकागिऱ्हाइकांत अन्यायकारक भेद नको.

ट्रान्स माउंटनची कथा भावाला पाठ असेल, तरी हिशोबाच्या अंगानं सांगतो. एडमंटनहून बर्नबीच्या बंदरापर्यंतची मूळ लाइन १९५३ची. तिची क्षमता दिवसाला ३ लाख पिंपांवरून ८ लाख ९० हजारांवर न्यायची होती. इथे क्रम महत्त्वाचा आहे. टोल काढायची पद्धत नियामकानं २०१३मध्येच मान्य केली, प्रकल्पाची शिफारस आली २०१६मध्ये. म्हणजे आधी तेल कंपन्यांनी १५-२० वर्षांचे करार केले, त्यांत क्षमतेच्या जवळपास ८० टक्के जागा बांधली गेली, उरलेली महिन्याच्या महिन्याला येणाऱ्यांसाठी. हे करार 'पाठवा किंवा पैसे भरा' या अटीचे. तेल पाठवलं नाही तरी भाडं चुकत नाही. मग तेच करार प्रकल्पाच्या सुनावणीत पुरावा म्हणून आले: बघा, गरज आहे, नाहीतर इतक्या कंपन्या एवढी वर्षं अडकवून घेतील का? म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की दोन्ही फायलींत एकच गोष्ट ठरते.

मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०१६मध्ये होकार दिला. ऑगस्ट २०१८मध्ये तिथल्या फेडरल अपील न्यायालयानं तो रद्द केला. कारणं दोन: आदिवासी राष्ट्रांशी नीट बोलणी झाली नाहीत, आणि समुद्रातली टँकर वाहतूक मंडळानं तपासणीच्या चौकटीबाहेर ठेवली. त्याच सुमारास मूळ मालकानं हात झटकले आणि सरकारनं साडेचार अब्ज कॅनेडियन डॉलरना लाइन विकत घेतली. जून २०१९ला दुसऱ्यांदा मंजुरी, १ मे २०२४ला लाइन सुरू. २०१३मध्ये ५.४ अब्ज वाटलेला खर्च तोवर ३४ अब्जांच्या घरात गेला होता.

हा वाढीव खर्च कोणाचा? करारात लिहिलेलं होतं की काही ठराविक प्रकारचे खर्च जसेच्या तसे टोलमध्ये येतील आणि बाकीच्यांना मर्यादा असेल. त्यामुळे नोव्हेंबर २०२३मध्ये नियामकानं मान्य केलेला तात्पुरता टोल पिंपाला सुमारे साडेअकरा डॉलर झाला, २०१७च्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट. तेल कंपन्या म्हणाल्या, एवढा अवाढव्य खर्च शहाणपणानं केलेला नाही, तो आमच्या माथी का? आणि तरीही खर्च कितीतरी पटींनी वाढला असताना टोल फक्त दुप्पट झाला, म्हणजे उरलेलं ओझं मालकाकडे राहिलं, आणि मालक म्हणजे तिथला करदाता. शेजारी बसून सांगतो तशी ही गोष्ट सोपी नाही, शेकडो कागद आहेत, पण भांडणाचा गाभा एवढाच.

एन्ब्रिज या तिथल्या पाइपलाइन कंपनीच्या 'मेनलाइन' या तेलाच्या लाइनीचं प्रकरण मला याहून शिकवणारं वाटतं. दिवसाला सुमारे ३० लाख पिंपं नेणारी ही लाइन कायम बिनकरारी चालत आली: दर महिन्याला मागणी नोंदवा, जागा कमी पडली तर सगळ्यांना त्या प्रमाणात कात्री. कंपनीनं ९० टक्के जागा दीर्घ करारांत बांधायची परवानगी मागितली. वरवर पाहता कोणाचं नुकसान नाही. लाइन भरलेली राहते, टोल स्थिर. पण छोट्या उत्पादकाला वीस वर्षांचा शब्द देता येत नाही. तो दाराबाहेर राहिला असता. नोव्हेंबर २०२१मध्ये नियामकानं प्रस्ताव फेटाळला. नवी लाइन टाकताना करार ठीक, कारण धोका खरा असतो. उभ्या, भरलेल्या लाइनीत धोका कोणता, की त्यासाठी दार अर्धं बंद करायचं? टोल एका पैशानं न वाढवता एखाद्याला धंद्यातून उठवता येतं, ते या प्रकरणात स्वच्छ दिसतं.

अमेरिकेचं दोन वाक्यांत. १९०६च्या हेपबर्न कायद्यानं तिकडे तेलाच्या लाइनी कॉमन कॅरियर झाल्या, आणि १९९२च्या कायद्यानंतर बहुतेक दर उत्पादक किमतींच्या निर्देशांकाला जोडलेले आहेत, त्याचा फरक दर पाच वर्षांनी ठरतो. पण तिकडच्या केंद्रीय ऊर्जा आयोगाला तेलाची लाइन कुठून जावी हे ठरवायचा अधिकारच नाही, तो वायूच्या लाइनींपुरता आहे. तेलाचा मार्ग राज्यं बघतात.

आता तुमच्या जमिनीचं. १९६२च्या कायद्यात जमिनीची मालकी जात नाही, वापराचा हक्क जातो. त्याचा मोबदला, कलम ३(१)च्या, म्हणजे हक्क घ्यायचा इरादा जाहीर करणाऱ्या, अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के, आणि पीक, झाडं, बांध यांचं नुकसान वेगळं. पट्टा तुमच्याच नावावर राहतो, पण त्यावर घर, विहीर, टाकी, बंधारा करता येत नाही, झाड लावता येत नाही. कायदा झाला तेव्हा शेत म्हणजे शेत होतं. पट्ट्यावर बाजरी आधी येत होती, नंतरही येणार, मग १० टक्के पुष्कळ. हवेली, खेड, शिरूरमध्ये आज तसं नाही. प्लॉटिंगच्या जमिनीतून तिरकी पट्टी गेली की नुकसान पट्टीपुरतं राहत नाही, सगळा लेआउट बिघडतो. हे १० टक्के आता जुने झालेत असं मी बोर्डाशी काम करणाऱ्यांनाही सांगत आलोय. पण हा आकडा कायद्यातला आहे, बोर्डाच्या हातातला नाही. आणि हा खर्च एकदाच दिला जाऊन गुंतवणुकीत धरला जातो. त्यावर कंपनीला वर्षानुवर्षं परतावा मिळतो, तुम्हाला नाही. टोलमध्ये जमीनवाल्याचा वाटा नाही तो असा.

पुढची लाइन आली, आणि त्या पट्ट्यात ती येत राहणार, तर सांगून ठेवतो. राजपत्रातल्या अधिसूचनेनंतर हरकतीला २१ दिवस असतात. हरकत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी द्यायची, पोच घ्यायची. 'प्रकल्प नको', 'देशाला गरज नाही' असं लिहून काही होत नाही. तो प्रश्न त्या टेबलावरचा नाही. चालतं ते ठोस काम: गट नंबर, विहीर कुठे, बोअर कुठे, ठिबकची मुख्य नळी कुठून, आणि लाइन बांधाच्या कडेनं किती मीटर सरकवली तर काय वाचतं, याचा नकाशा. कलम ७ची तरतूद लक्षात ठेवा: अधिसूचनेच्या आधीपासून राहतं घर, त्याच्या लगतचं अंगण किंवा पक्कं बांधकाम असेल, तर त्याखालून लाइन नेता येत नाही, आणि कुठेही एक मीटरपेक्षा उथळ टाकता येत नाही. मोबदला मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं.

बोर्डापुढे दराबाबत बोलायचं तर सूचना पाठवायला कोणालाही मज्जाव नाही, प्रस्ताव जाहीर होतात. पण तिथे जमिनीचा प्रश्न मांडून उपयोग नाही. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या शहर गॅसच्या प्रकरणात सांगितलं की कायद्यानं न दिलेला दर ठरवायचा अधिकार बोर्डाला नाही. तेव्हापासून बोर्ड आपल्या कुंपणाबाबत फार जपून असतं. त्याच्या आदेशावर अपील दिल्लीच्या वीज अपिलीय न्यायाधिकरणात, ३० दिवसांत.

आणि एक, जे बहुतेक जण सोडून देतात. नुकसानभरपाई लाइन टाकतानाच मिळते असं नाही. पुढे दुरुस्तीला, तपासणीला माणसं शेतात शिरली आणि उसाचं किंवा कांद्याचं नुकसान झालं, तर तीही त्याच कायद्यात बसते. यंत्र शेतात उतरायच्या आधी आणि निघाल्यावर तारखेसह फोटो काढा, तलाठ्यासमोर पंचनामा करून घ्या, आणि त्यांनी भरून आणलेल्या कागदावर सही करण्याआधी क्षेत्राचा आकडा स्वतः मोजा.